चौथी शिट्टी

"परदेशात कष्टाला किंमत असते!" असं सासरेबुवांनी निरोपाच्या वेळी झाडून सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं होतं. सासरेबुवा स्वतः कधी तालुक्यापलीकडे गेले नव्हते. इथे आल्यावर एसी मेकॅनिक जावयाला ते पटलं. किंमत असतेच, ती कष्ट करणाऱ्यानेच मोजायची असते, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

एका खोलीत आठ कॉट. चार खाली, चार वर. खोली देणाऱ्याला सगळे काका म्हणत. काका आपल्याच भाषेचा, आपल्याच बाजूचा. "परक्याकडे कशाला राहता? लुबाडतील," असं म्हणून त्याने ही माणसं गोळा केली आणि ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. खोलीत एसी होता, रिमोट काकाच्या खिशात. दिवसभर लोकांची घरं गार करून आलेला मेकॅनिक रात्री पुठ्ठ्याने वारा घेत पडायचा. "यंदा तुला इकडे आणतोच" असं बायकोला सांगायचं त्याचं हे तिसरं वर्ष.

इतकं होऊनही तो गप्प होता. पण सुट्टीच्या सकाळी काकाने स्वयंपाकघरात कागद चिकटवला : 'कुकरच्या तीन शिट्ट्या भाड्यात. चौथीपासून दर शिट्टीला वेगळा आकार.'

"काका, हरभरे आहेत हे. तीन शिट्ट्यांत नुसती अंघोळ होते त्यांची."

"रात्री भिजत घालायचे."

"घातले होते."

"मग मूग खात जा. पचायला हलके."

तेवढ्यात कुकरने चौथी शिट्टी दिली. काकाने शांतपणे एक बोट वर केलं आणि मेकॅनिकचं डोकं फिरलं.

"चपला ठेवायला पैसे, वाळत घालायच्या दोरीला पैसे, आता वाफेलाही पैसे? उद्या शिंकलो तर हवा वापरली म्हणून लावाल! लाज कशी वाटत नाही हो? परक्याने लुबाडलं असतं तर निदान शिवी तरी देता आली असती, तुम्हाला काका म्हणावं लागतं! माझ्या बायकोचं तिकीट खाल्लंत तुम्ही, काका. तीन वर्षं, कच्चंच!"

आवाज ऐकून बाकीचे सातही दारात जमले. त्यात मास्तर पुढे. गावी तो शाळेत शिकवायचा, इथे गोदामात खोकी रचायचा. पण घसा अजून वर्गातलाच होता.

"बरोब्बर! आज वाफ, उद्या श्वास! तू बोल रे, आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत!"

मेकॅनिकला दहा हत्तींचं बळ आलं. "हा कागद आत्ताच्या आत्ता फाडा. नाहीतर मी चाललो."

"चल की," काका म्हणाला. "कॉटसाठी चौघं थांबलेत. अनामत मात्र विसर."

आता माघार कुठली! मेकॅनिकने रागारागात बॅग भरली, हरभरे तसेच गॅसवर सोडले, बूट चढवले आणि दारात उभं राहून पाठीशी कोण कोण आहे ते पाहिलं. सातही जण पाठीशीच होते, आपापल्या कॉटवर.

एकटा मास्तर उठून आला. त्याचे डोळे भरले होते. त्याने मेकॅनिकचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"वाघ आहेस गड्या, वाघ!" मग काकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो कानाशी वाकला. "जातोच आहेस, तर तेवढी उशी ठेवून जा ना."