कोपऱ्यातली टोपली

"हात लावू नका म्हटलं ना!"

आक्का दारातूनच कडाडल्या, पण मास्तरांनी तोवर टोपली उचललीच होती. आतल्या काळ्या कोंबडीने पिसं फुलवली आणि त्यांच्या मनगटावर चोच हाणली. मास्तरांनी टोपली कशीबशी खाली टेकवली.

"आजारी आहे का ही? सकाळपासून उठली नाही."

"खुडूक आहे ती. अंडी उबवतेय. जन्मभर माणसांची मापं घेतलीत, कोंबडीचं काय कळणार तुम्हाला?"

शिवणकामाचं दुकान बंद केल्यापासून नवरा हात धुऊन घराच्या मागे लागला होता. हात थरथरायला लागले म्हणून सुई सुटली, पण शिस्त काही सुटली नाही. डबे उंचीप्रमाणे लावून झाले, चपला जोडीने लावून झाल्या, आता पाळी कोंबड्यांची. आक्कांपुढे शाळेने दुसऱ्या इयत्तेतच हात टेकले होते. पण या परसात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

आणि या खेपेला चुकून चालणार नव्हतं. साथीत काळ्या कोंबड्या पटापट गेल्या, वाचलेला कोंबडा रानमांजराने नेला. काळ्या वाणाची म्हणावीत अशी ही शेवटची अंडी. उरलेल्या पांढऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत गुपचूप आपली अंडी घालून जात, म्हणून आक्कांनी या अंड्यांवर कोळशाच्या रेघा ओढल्या होत्या. बिनरेघेचं दिसलं की त्या काढून घेत.

पिल्लं बाहेर यायला आली आणि नेमका आक्कांची बहीण न्हाणीघरात पाय घसरून पडल्याचा फोन आला. जाणं भाग होतं.

"पाणी ठेवा, दाणे टाका. ती एकदा उठेल, खाईल आणि आपली आपण जाऊन बसेल. तुम्ही फक्त काही करू नका."

"अगं, काही न करायला काय लागतं?"

"तुम्हाला? फार कष्ट पडतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का परतल्या तेव्हा मास्तर खुर्चीत ताठ बसले होते. भर उन्हाळ्यात अंगात थंडीचं जाकीट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"ताप आलाय की काय?" असं विचारत, उत्तराची वाट न बघता त्या मागच्या परसात गेल्या.

खुराडं लख्ख झाडलेलं होतं. टोपल्या एका ओळीत, लहानीपासून मोठीपर्यंत. कोपऱ्यातल्या टोपलीत काळी ठाण मांडून बसली होती. आक्कांनी तिच्या पोटाखाली हात घातला. नुसता पेंढा.

काय झालं ते त्यांना तिथल्या तिथे उमगलं. कोंबडी अंडी ओळखत नाही, जागा ओळखते. ती दाणे टिपायला उठली, तेवढ्यात मास्तरांनी टोपल्या हलवल्या. आणि ही परत येऊन आपल्या कोपऱ्यात, भलत्याच टोपलीत बसली. अंड्यांची टोपली ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. आक्कांनी वाकून पाहिलं. तीही रिकामी.

त्या खणखणीत आवाजात ओरडल्या.

"अहो! अंडी कुठायत माझी?"

मास्तर मागच्या दारात आले ते काठोकाठ भरलेली घागर उचलून आणावी तसे, पावलापावलाने.

"ओरडू नकोस. दचकतो मी."

त्यांनी सावकाश बटणं काढली. जाकिटाच्या अस्तराला आतून खिसे शिवलेले होते. खिशाखिशात कापूस, आणि त्या कापसात रेघ ओढलेलं एकेक अंडं.

"उशिरा लक्षात आलं गं. गार पडायला लागली होती. बाईसाहेबांना उचलून आणायला गेलो, तर..." त्यांनी हात पुढे केला. बोटं चोचीने फोडून ठेवली होती. "मग काय करणार? रात्र खुर्चीतच काढली. कुशीवर वळायची सोय नाही."

आक्का शिवण बघत होत्या. पहिल्या खिशांचे टाके वेडेवाकडे पडले होते. शेवटच्या खिशाशी येईतो रेघ सरळ झाली होती.

त्यांनी एक अंडं गालाला लावलं. ऊब होती. दुसरं कानाशी धरलं, तर आतून बारीक टकटक. त्यांनी एकेक अंडं काळीच्या पोटाखाली सरकवलं. काळी गुरगुरली, चोचीने अंडी आत ओढून घेतली आणि पंख पसरून बसली. पाणी प्यायला लागेल तेवढाही वेळ लागला नाही.

मास्तरांचा चेहरा उतरला.

"एवढंच होतं? नुसती तिच्याखाली सरकवायची होती?"

एवढंच होतं. खुडूक कोंबडी दगडगोटाही उबवत बसते. गार की गरम, ती बघत नाही. उत्तर आक्कांच्या जिभेवर होतं, धार लावून तयार. मास्तर फुटक्या बोटांनी रिकामे खिसे चाचपत होते.

"एवढंच कसं?" आक्का म्हणाल्या. "गार अंडं तिनं लाथाडलं असतं. ऊब होती म्हणून घेतलं."

"खरंच?"

"कोंबड्यांतलं तुम्हाला कळतं की मला?" आक्कांनी हात झटकले. "काम चोख केलंत. आता पुन्हा करू नका."