आधी मेंढीला

आमच्या म्हाताऱ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, साखरेचा आजार. टाचेची जखम चिघळली तरी मेंढरांमागं हिंडायचं सोडंना. शेवटी आमच्या बिडकीनहून ओढतच शहरात, उस्मानपुऱ्याच्या दवाखान्यात नेला. तनुजा डॉक्टरीणबाईनं सडकं मांस काढलं, जखम धुतली अन् वर एक आरपार दिसणारी, मऊ पट्टी चिकटवली.

"सांडूबाबा, औषध या पट्टीतच भरलंय. आपोआप थोडं थोडं सुटत राहील. मी बघेपर्यंत उघडायची नाही. निघालीच, तर ही दुसरी लावा. आता मांस भरलं नाही, तर पाय काढावा लागेल."

घरी आलो तर पट्टीखाली पिवळं पाणी साचलं. झालं! म्हातारा ती ओरबाडायलाच बसला.

"पू झालाय. मेंढराची जखम रोज उघडून हुंगावी, सीताफळाचा पाला भरावा. नायतर किडे पडतेत. ती पोरगी मला शिकवती व्हय?"

"पाय गेला तर मेंढरांमागं मी पळू का?" मी वसकले. पण ऐकतोय कशाला!

अंगणात कुत्र्यानं फाडलेली मेंढी बांधली होती. मी म्हटलं, "ती दुसरी पट्टी हिला लावा. हिची जखम सडली तर तुमची पट्टी मी सोता उपटते." मेंढराचं नाव काढलं की गडी लगेच ऐकतो, बायको बोंबलून मेली तरी नाय.

मेंढीच्या पट्टीखालीबी तसंच पाणी साचलं. म्हातारा सकाळ-संध्याकाळ नाक लावून बसायचा. घाण वास काही येईना. एक दिवस पट्टी आपसूक सुटली. आत डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल मांस! पाला नाय, राख नाय, एक किडा नाय.

म्हातारा हळूच म्हणला, "रातंदिस आत बसून दवा कोण वाढतंय गं?"

त्यानंतर त्यानं आपल्या पट्टीला बोट लावलं नाय.

पुढच्या खेपेला दवाखान्यात डॉक्टरीणबाई पट्टी सोडवायला लागली तसं त्यानं डोळे गच्च मिटले.

"बाबा, बघा तरी. पाय वाचला तुमचा."

त्यानं बघितलं. मांस लालबुंद भरत आलं होतं. मग माझा हा हेकट नवरा वाकला, सोताच्याच पायाला हात लावून तो कपाळाला टेकवला. एरवी मी लई हसले असते. पण मीबी वाकले अन् त्याच पायाच्या पाया पडले.