श्रीरंगनं टाकलेला शब्द

"आणि आईची तब्येत कशी आहे आता?" ऊवेनं गळ पाण्यात टाकत विचारलं.

शशिकांतला वाटलं, आपल्याला जर्मन नीट कळलं नाही. अकरा वर्षं या देशात काढूनही त्याला अधूनमधून असं वाटायचं.

"आई? मजेत आहे. रोज सकाळी चिंचवडच्या बागेत फेऱ्या मारते."

ऊवे त्याच्याकडे पाहतच राहिला. दर मे महिन्यात तो शशिकांत आणि श्रीरंगला श्वार्त्सवाल्डमधल्या या लॉजवर आणायचा. आसपास नुसतं जंगल, मोबाइललासुद्धा रेंज नाही. सकाळी डबे घेऊन ओढ्यावर जायचं, ट्राउट पकडायचे, संध्याकाळी लॉजची मालकीण ते लोण्यात तळून द्यायची. ऑफिसातला साहेब इथे नुसता ऊवे असायचा.

"पण श्रीरंग म्हणाला, ती अंथरुणाला खिळलीय. तुला परत जायचंय, पण माझ्याशी बोलायला जड जातंय. म्हणून मग... शुक्रवारी मी ठेवायला त्याचं नाव वर कळवलं."

मंदीमुळे पंप-टेस्टिंगच्या दोघांपैकी एकालाच ठेवणार होते. शशिकांतची मुलगी शिवांगी पुढच्या वर्षी शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती, तीही जर्मनमधून. मराठी तिला नुसतं समजायचं. पण शशिकांत म्हणजे बसमधून उतरतानाही पुढच्याला 'सरका' म्हणायला लाजणारा माणूस. स्वतःसाठी तो काय मागणार? श्रीरंगला हॅम्बर्गची नोकरी मिळाल्यातच जमा होती, म्हणून त्यानं श्रीरंगलाच विनवलं होतं, "तुझं जर्मन चांगलं आहे. माझ्यासाठी ऊवेपाशी एक शब्द टाक."

"बदलता येईल का?" त्यानं कसंबसं विचारलं.

"सह्या झाल्या," ऊवे म्हणाला. "तू स्वतः का नाही आलास माझ्याकडे?"

शशिकांतनं गळ गुंडाळून ठेवला. तो काठाकाठानं वर चालत गेला. श्रीरंग एकटाच गळ टाकून उभा होता.

"हॅम्बर्गचं काय झालं रे?"

श्रीरंगनं मान वर केली नाही. "फिसकटलं. मार्चमध्येच."

"बोलला नाहीस."

"काय बोलणार? तुला तिकडे चिंचवडला घर आहे, माणसं आहेत. मला कोण आहे, शशी?"

"म्हणून माझी धडधाकट आई आजारी पाडलीस?"

दर रविवारी शशिकांतची बायको शुभा याला पिठलं-भात वाढायची. भाऊ नसल्याची खंत शशिकांतला याच्यामुळे राहिली नव्हती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याहून जास्त, रडू आलं.

तेवढ्यात श्रीरंगच्या गळाला ओढ बसली. त्यानं मासा काठावर घेतला. इथे मासा पकडला की लगेच डोक्यात दांडका घालून मारायचा, तडफडत ठेवायचा नाही. श्रीरंगच्यानं ते कधीच झालं नव्हतं. दर वर्षी ते काम शशिकांत करायचा. आत्ताही श्रीरंगनं नजर वळवली आणि दांडका पुढे केला.

"शशी, प्लीज."

तडफडू दे, बघू दे याला, असं शशिकांतच्या मनात आलं. पण माशानं कुणाचं काय वाईट केलं होतं? तो गुडघ्यावर बसला. एकाच घावात मासा शांत झाला. मग त्यानं दांडका ओढ्यात धुतला आणि श्रीरंगच्या हातात परत दिला.

"पुढच्या वर्षी तुलाच मारावा लागेल," तो म्हणाला, आणि लॉजवरच्या फोनवरून शुभाशी बोलायला तिकडच्या वाटेला लागला.