एकेक पार्ट

जतीनभाईने काउंटरवर दोन प्रोसेसर शेजारी शेजारी ठेवले. डबे दिसायला जवळपास सारखेच, किंमतही उन्नीस-बीस.

"हा घेतला तर कॉम्प्युटर आजच चालू," डावीकडच्या डब्यावर बोट टेकवत तो म्हणाला. "ह्याच्यात ग्राफिक आतमध्येच आहे. बारीकसारीक गेम आरामात चालतील, मोठं कार्ड मागाहून टाका. हा दुसरा जरा जास्त फास्ट आहे, पण त्याला वेगळं कार्ड लागणारच. कार्ड नाय तर स्क्रीनवर कायच येणार नाय."

"डावीकडचा," मयूरी म्हणाली.

धनेशने दोन्ही डबे हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. त्यावर छापलेलं त्याला काही कळत नव्हतं. "दुसरा द्या," तो म्हणाला.

"पप्पा, अहो, त्याला कार्डाशिवाय काहीच दिसणार नाही."

"मग कार्ड घेऊ ना. बघून, चांगलं. घाई काय आहे?"

मयूरीने डावीकडचा डबा जतीनभाईकडे परत सरकवला.

"तसं धनेशभाईंचं पण चूक नाय," जतीनभाई बिल करता करता म्हणाला. "एकदाच घ्यायचं तर फास्टवालं घ्यायचं."

डहाणू स्टेशनजवळच्या या दुकानात बाप-लेक दिवाळीपासून येत होते. महिन्यातले दोन रविवार मयूरी धनेशकडे असायची. बाकीचे दिवस ती तलासरीला, आईकडे.

सोनल घर सोडून गेली त्याला दोन वर्षं झाली होती. धनेश जेवत असताना तिने सांगितलं होतं, की तिने तलासरीत खोली घेतली आहे. तिथून उंबरगावची कंपनीही जवळ पडेल. "कधीपासून?" त्याने विचारलं होतं. "एक तारखेपासून," ती म्हणाली होती. मग त्याने आणखी थोडी डाळ वाढायला सांगितली होती. पुढे कितीदा तरी त्याला ते आठवलं. डाळ नको होती खरं तर. पण ताट पुढे झालं होतं आणि तिनेही मुकाट्याने वाढली होती.

धनेश डहाणू खाडीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. कंप्रेसर सांभाळायचा, मिठाच्या पाण्याच्या टाकीत डबे सोडायचे, बर्फ धरला की लाद्या काढून बोटवाल्यांच्या टेम्पोत चढवायच्या. वीस वर्षांत त्याच्या बोटांची टोकं अशी झाली होती, की गरम चहाचा पेला धरला तरी चटका उशिरा कळायचा. चिखल्याला भावाच्या चिकूच्या वाडीला लागून त्याच्या दोन खोल्या होत्या. तिथेच तो राही.

पहिलं वर्षभर रविवार कसा काढायचा हे दोघांनाही कळत नसे. बोर्डीच्या किनाऱ्यावर जायचं, भेळ खायची, सुरूच्या झाडांखाली बसायचं. मयूरी मोबाइलमध्ये, धनेश समुद्राकडे तोंड करून. चार वाजले की ती म्हणायची, "निघूया?" आणि तो गाडी काढायचा.

मग एकदा तलासरीहून येताना बाइकवर ती मागून म्हणाली, "मैत्रिणीकडे गेमिंग कॉम्प्युटर आणलाय. आई म्हणते, आपल्याला नंतर बघू."

"काय काय लागतं त्याला?" धनेशने सहज विचारलं होतं.

आणि ती बोलायला लागली. बोर्ड म्हणजे काय, रॅम कशाला, तयार घेतला तर कसा महाग पडतो आणि एकेक पार्ट घेऊन जोडला तर त्याच पैशात कसा चांगला होतो. हायवे संपला, चारोटी गेलं, डहाणू आलं, तरी ती त्याच्या कानाशी बोलतच होती. एवढं ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. गाडी उभी करताना धनेश म्हणाला, "जोडूया आपण. जमेल तसं. एका वेळी एक."

आधी कॅबिनेट आलं. रंगीत दिव्यांचं तिला फार आवडलं होतं, पण तिने साधं काळं उचललं. "दिव्यांनी गेम फास्ट नाही होत," म्हणाली. मग पॉवर सप्लाय. तिथे जतीनभाईने स्वस्तातला दाखवलाच नाही. "चिखल्याला लाइट कशी वरखाली होते ते मला नका सांगू. वाचवायचं तर दुसरीकडे वाचवा. हा हलका घेतला तर स्वतः मरेल आणि बाकीच्यांना घेऊन मरेल." ते धनेशला पटलं. कंप्रेसर सुरू होताना केवढा ओढतो हे त्याने पाहिलं होतं. मयूरीला त्याने ते सांगितलं, आणि तिने नीट ऐकून घेतलं.

प्रोसेसर आणि बोर्ड झाल्यावर पुढच्या खेपेला रॅम. ती दोन तुकड्यांत घ्यायची, एकात नाही, हे मयूरीने समजावलं. त्यानंतर डिस्क. जुना मॉनिटर जतीनभाईनेच कुठल्याशा ऑफिसमधून काढलेला दिला. राहिलं फक्त कार्ड.

नवं कार्ड परवडणारं नव्हतं. मयूरीने नेटवर शोधून एक वापरलेलं काढलं. विकणारा संदीप म्हणून कासाकडचा मुलगा होता. मार्चमधल्या एका रविवारी चारोटीला, त्याच्या मावसभावाच्या मोबाइलच्या दुकानात, तिघं भेटले.

"चालवून दाखवाल का?" मयूरीने विचारलं.

"दाखवतो ना. त्याच्यासाठीच लावून ठेवलंय." संदीपने खुर्ची तिच्याकडे केली. "लग्न ठरलंय माझं. पिकअप घ्यायचीय, डाउन पेमेंट जमवतोय. नायतर मी विकलं नसतं."

मयूरी खेळायला बसली. पडद्यावर एक हिरवंगार रान उघडलं. पाण्यात झाडांच्या सावल्या हलत होत्या. ती त्या रानातून पळत सुटली. धनेश तिच्या मागे उभा होता. तिचे खांदे कानापर्यंत वर आले होते आणि तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. लहानपणी ती झोपेत अशी दिसायची.

"मस्त आहे, पप्पा," वळून ती म्हणाली. "हेच घेऊया."

पैसे धनेशच्या खिशात होते. हे कार्ड बसलं की कॉम्प्युटर पूर्ण होणार होता, मग रविवारी आणायला काही उरणार नव्हतं. त्याच्या मनात तेवढंच आलं.

"वॉरंटी आहे का?" त्याने विचारलं.

"वॉरंटी संपली काका. पण काय होणार नाय त्याला."

"वॉरंटी नाही तर नको."

"पप्पा, सेकंडहँडला वॉरंटी नसतेच."

"दुसरं बघू. मिळेल."

संदीपने खांदे उडवले. मयूरी उठली, खुर्ची सरकवून जागेवर ठेवली आणि बाहेर येऊन गाडीपाशी उभी राहिली. त्या दिवशी तिने घरी यायला नको म्हटलं. धनेशने गाडी तलासरीकडे वळवली.

तलासरी नाक्यावर उतरल्यावर तिने पाठीवरची बॅग सारखी केली. "पप्पा, आईची बदली झालीय. हैदराबादला. जूनमध्ये जायचंय."

"बरं," धनेश म्हणाला.

"मला जानेवारीपासून माहीत होतं. आई म्हणाली, नक्की झाल्याशिवाय सांगू नको." ती रस्त्याकडे बघत होती. "मला वाटलं, त्याच्याआधी आपला कॉम्प्युटर होईल."

एक कंटेनर धडधडत गेला. "पाणी पी घरी गेल्यावर," धनेश म्हणाला, "ऊन लागलंय तुला." ती मान हलवून गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यात पहिल्या पाळीत बदली माणूस दिला आणि चारोटीला गेला. दुकानात संदीपचा मावसभाऊ एकटाच होता. "ते तर काल संध्याकाळीच गेलं," तो म्हणाला. "वापीचे दोघं घेऊन गेले. तुम्ही तेव्हाच घेतलं असतं तर..."

"बरं," धनेश म्हणाला.

तिथून तो घरी आला. कॅबिनेट उघडायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून आख्खंच जुन्या चादरीत गुंडाळून गाडीला बांधलं आणि जतीनभाईकडे नेलं.

"ह्याच्यातला प्रोसेसर काढा. तो दुसरा टाका. कार्डाशिवाय चालणारा."

जतीनभाईने चादर सोडली. "वापरलेला म्हणून परत घेताना कमी करावं लागेल हां, धनेशभाई."

"करा."

"पण मग मोठे गेम..."

"माहीत आहे."

जतीनभाईने त्याच्याकडे पाहिलं. पोऱ्याला चहा सांगितला आणि पेचकस घेऊन स्वतःच बसला.

मयूरी पुढच्या रविवारी आली तेव्हा टेबलावर सगळं मांडलेलं होतं. बटण तिने दाबायचं म्हणून धनेशने ते अजून सुरू केलं नव्हतं. पडद्यावर अक्षरं उमटली तशी ती चमकली. वाकून तिने कॅबिनेटच्या आत पाहिलं.

"कार्ड कुठाय?"

"विकलं गेलं ते. प्रोसेसर बदलून आणला."

ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि तिचा तो गेम टाकायला घेतला. टाकायलाच दुपार झाली. सुरू झाला तेव्हा रान आलं, पण एकेका फोटोसारखं, अडत अडत. तिने सेटिंग उघडलं आणि एकेक गोष्ट कमी करायला लागली. सावल्या बंद केल्या. पाणी सपाट झालं. झाडांची पानं गेली, नुसते हिरवे ठोकळे उरले. लांबचे डोंगर धुक्यात बुडाले.

"आता चालतंय," ती म्हणाली. "सगळं कमी केलं की चालतं."

"खेळता येतंय ना?"

"हो. या, तुम्ही पण बसा."

भावाच्या घरून खुर्ची आणून तो शेजारी बसला. कुठे धावायचं, काय गोळा करायचं, कशाला घाबरायचं, हे ती सांगत राहिली. चार वाजले, पाच वाजले. "निघूया" ती म्हणाली नाही. शेवटी त्यालाच म्हणावं लागलं. त्यानंतरचे सगळे रविवार तसेच गेले.

कॉम्प्युटर तिने हैदराबादला नेला नाही. "इथेच राहू दे, सुट्टीत येईन ना," म्हणाली. सोनलने फोनवर धनेशला नवा पत्ता सांगितला, त्याच्या तब्येतीची चौकशी केली. तोही नीट बोलला.

जूनमध्ये मासेमारीच्या बोटी पावसाळ्यापुरत्या बंद झाल्या आणि कारखान्यात काम उरलं नाही. एकदा बाजारात जतीनभाई भेटला. "बंद नका ठेवू हां," तो म्हणाला. "चिखल्याची खारी हवा, त्यात पावसाळा. पिना गंजतील. आठवड्यातून दोन-तीनदा तरी चालू करा, तासभर. नुसता चालू ठेवला तरी बस."

तेव्हापासून संध्याकाळी जेवणाआधी धनेश कॉम्प्युटर सुरू करायचा. आत पंखा घरघरू लागे. पडद्यावर मयूरीचं नाव येई आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. तो समोर बसून जेवायचा.

एकदा तो जेवत असतानाच तिचा फोन आला. शाळा कशी आहे, तिकडे पाऊस आहे का, असं बोलून झालं. मग ती थांबली.

"पप्पा, कसला आवाज येतोय? चालू केलाय?"

"हो. हवा खारी आहे ना. जतीनभाई म्हणाला, चालू ठेवा."

"काय खेळता?"

"कुठे खेळतो? पुढे पासवर्ड मागतो तो."

"अय्या, मी दिलाच नाही तुम्हाला." ती हसली. "सांगू? लिहून घ्या."

धनेशने पडद्याकडे पाहिलं. हाताला भात लागलेला होता.

"नको," तो म्हणाला. "तू आलीस की उघड."

मग आई जेवायला बोलावतेय म्हणून तिने फोन ठेवला. धनेशने उरलेला भात संपवला आणि ताट तिथेच खाली ठेवलं. थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा झाला. आत पंखा फिरतच होता.