वालूबाईंचा टप्पा

"दुभाष्याचं काम घिऊ नको, चतुरे. दोन्हीकडचं खापर तुझ्याच डोस्क्यावर फुटंल," असं सासूबाई केसरबाईंनी बजावलं होतं. चतुरानं ते कडेवरच्या लेकराच्या शेंबडासारखं पुसून टाकलं. गावात इंग्रजी येणारी ती एकटीच, नाही कसं म्हणायचं?

पाहुणी जर्मनीची. वाल्ट्राउड हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून वालूबाई. तरुणपणी टेनिस खेळत देशोदेशी हिंडल्या, मातीच्या मैदानावर भल्याभल्यांना दमवलं, पण शेवटचा सामना आला की हरायच्या. पुढं गुडघा गेला, खेळ सुटला. आता पाणलोटाच्या कामावर धारूरच्या डोंगरात आल्या होत्या आणि शाळेतल्या पोरींना खेळायला जागा शोधत होत्या.

सकाळी रॅकेट घेऊन त्या माळावर चालायच्या, थांबायच्या, चेंडू आपटायच्या, मान हलवायच्या. पावसानं पाठ फिरवलेलं गाव टक लावून बघायचं. तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारा पाणाड्या सगळ्यांच्या ओळखीचा. जर्मनीत नारळ कुठला, तिकडं पाणी बघायला अशी जाळी वापरत असतील, असं गावातल्या सटवानं ठरवूनच टाकलं. मग दूध संस्थेचे चेअरमन आप्पारावही बाईंच्या मागं चालू लागले. संस्थेला बोअर घ्यायचा होता, आणि त्यांचा डोळा स्वतःच्या मळ्यावर होता.

चतुराचा डोळा आपल्या वस्तीवर. टँकरचं पाणी उकळून पाजलं तरी लेकराचे जुलाब थांबत नव्हते.

वस्तीमागच्या बाभळीपाशी चेंडू उठलाच नाही. वालूबाई वैतागल्या. खाली ओल आहे, टप्पा मरतो, इथं मैदान होणार नाही, असं इंग्रजीत बोलल्या.

"काय म्हंत्यात बाई?" आप्पारावांनी विचारलं.

चतुरानं पदर सावरला. "म्हंत्यात, हितं खाली ओल हाय, मामा."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त अर्धं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिथंच बोअरचं मशीन आलं. दुपारी पांढऱ्या धुरळ्याचा चिखल झाला आणि मग पाणी उसळलं. लोकांनी वालूबाईंना खांद्यावर घेतलं. उभ्या हयातीत त्यांना असं कुणी उचललं नव्हतं. बाई रडल्या, आणि आपल्याला कशाबद्दल उचललं ते विचारायचं राहूनच गेलं. केसरबाई घागर भरता भरता सुनेकडं बघून म्हणाल्या, "खापर फुटायला अजून लई दिस हायेत."

काल दिंद्रुड गावचे लोक जीप घेऊन आले आणि पाणी दाखवायला वालूबाईंना रॅकेटसकट घेऊन गेले. लेकराला दाताचा ताप, त्यामुळं चतुराला जाता आलं नाही. बाई अजून परतल्या नाहीत.

तुम्ही तिकडं असाल तर जरा डोकावून या. बाई जेवल्या का, गुडघा सुजला का, बघा. आणि चेंडू उंच उडाला की त्या खुशीत हसतात, तिथली जमीन कोरडी ठणठणीत असते. तेवढं मशीनवाल्याच्या कानावर घाला.