दुपाऱ्यांची बाज

माझ्यावर बसू नका, मित्रांनो. मी एक जुनी बाज आहे, आणि माझ्या मधोमध आता एवढं भगदाड आहे की त्यातून बकरी आरपार जाते. कालच गेली. देवळीतल्या एका घराच्या मागच्या पडवीत मला भिंतीला टेकवून उभं केलं आहे. उभं राहून थकायला होतं. बाजेचा जन्म आडवं राहण्यासाठी असतो.

माझे चार पाय बाभळीचे. दोरी अंबाडीची, शेतातच भिजवून, सोलून, वळलेली. ज्या सुताराने मला घडवलं त्याला कोणी सांगितलं नव्हतं की ही बाज झोपण्यासाठी नाही, कामासाठी आहे. माझ्यावर झोपणारी माणसं दुसऱ्यांच्या स्वप्नांत उतरत. लोक त्यांना 'दुपारे' म्हणत, कारण ती फक्त दुपारीच उतरत. रात्री सगळं जग स्वप्न बघतं. तेवढ्या गर्दीत नेमका माणूस सापडायचा कसा? वर्धेच्या उन्हाळ्यात मात्र दुपारी जेवून पाठ टेकलेला एकेक जण स्पष्ट ऐकू येतो.

तेव्हा जिल्ह्यात सतरा दुपारे होते. जो बोलू शकत नाही, किंवा बोलायला तयार नाही, त्याच्या स्वप्नात जाऊन एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर घेऊन परत यायचं, एवढंच त्यांचं काम. त्या माणसाचं एखादं वापरातलं कापड उशाला घ्यायचं. दुसऱ्याने पायथ्याशी बसून उतरणाऱ्याच्या पायाचा अंगठा धरायचा आणि वेळ झाली की ओढायचा. स्वप्नात मात्र खाली बसायचं नाही. बसला तो रमला, आणि रमला तो राहिला. कोणाच्या स्वप्नात जायचं तर जात कोणी विचारत नसे. स्वप्नातला पाणवठा सगळ्यांचा एकच असतो, हे मी चाळीस वर्षं ऐकत आले आहे.

दुपारे मोबदला घेत नसत. काम घेऊन येणाऱ्याने जाताना माझी दोरी आवळून द्यायची, हीच त्यांची रीत. पाय रोवून, दात दाबून, एकेक पेड ओढायचा. ते नुसतं मानाचं काम नव्हतं, मित्रांनो. बाज ताठ असली की झोप उथळ लागते, माणूस काठाकाठाने जाऊन परत येतो. बाजेला झोळ पडला की झोपही तेवढीच खोल जाते.

माझ्यावरून उतरणारे दोघे होते, बापूराव आणि त्याची बायको पंचफुला. बापूरावाची कथा लहान आहे. नालवाडीच्या एका मुक्या म्हाताऱ्याच्या स्वप्नात जायला तो निघाला आणि अंदाज चुकून शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीच्या स्वप्नात शिरला. तीन दिवस रवंथ करत होता. मी स्वतः पाहिलं आहे. अजूनही हिरवी वैरण दिसली की त्याचा जबडा आपोआप हलतो. तेव्हापासून तो फक्त अंगठा धरतो.

पंचफुला मात्र कधी चुकली नाही. तिचं नाव आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत होतं. एकदा एका रुसलेल्या पटवाऱ्याच्या स्वप्नात तिला दोनशे चौदावा नंबर मिळाला, तर रांगेत उभी राहून, तिथल्या शिपायाशी भांडून, ती उत्तर घेऊनच आली. लोक वाहवा करत. ती उठून चुलीपुढे बसे.

हळूहळू बाकीचे दुपारे संपले. कोणी वारले, कोणी मुलाकडे पुण्याला गेले. लोक मोटरसायकलवर येऊ लागले. दोरी आवळा म्हटलं की "मावशी, मले नाई जमत," म्हणून हसत. एकाने माझा फोटो काढून नेला. फोटोने दोरी आवळली जात नाही. शेवटी पंचफुलाने सांगणंच सोडून दिलं. माझ्या दोऱ्या कुजत गेल्या, झोळ वाढत गेला, आणि ती दर वेळी थोड्या जास्त खोलातून, थोडी जास्त उशिरा परत येऊ लागली. मी घाबरत होते. एके दिवशी ही येणारच नाही, हे मला दिसत होतं, आणि माझं ऐकणार कोण?

यंदाच्या मे महिन्यात तळेगावहून वर्षाली आली. तिचे वडील वासुदेवराव. मागच्या हिवाळ्यात अर्धं अंग गेलं, त्यात वाचाही गेली. भाऊ आदेश त्यांना शुक्रवारी पुण्याला नेणार होता. वडिलांची इच्छा काय, ते कोणालाच कळत नव्हतं. मान हलवली तरी हो की नाही, त्यावर भावाबहिणीत वाद. तिने वडिलांचा खांद्यावरचा दुपट्टा पिशवीतून काढला आणि एवढंच विचारून द्या म्हणाली, की बाबांना जायचं आहे की राहायचं आहे.

पंचफुलाने दुपट्टा हातात घेतला आणि म्हणाली, "आजच्या दिवस जातो, पोरी. मंग मले कोणाचंच काम सांगू नोको."

ती माझ्यावर आडवी झाली आणि मी जमिनीपर्यंत वाकले. बापूरावाने अंगठा धरला. वर्षाली दारात बसली. कूलर घरघरत होता. तेवढ्यात लाईन गेली आणि खोलीचा तवा झाला. पंच्याहत्तरीचा माणूस, नुकताच जेवलेला. बापूरावाची मान छातीवर पडली आणि अंगठा त्याच्या मुठीतून सुटला. वर्षालीने ते पाहिलं, पण त्यात काही बिघडतं हे तिला कोण सांगणार?

उतरणाऱ्याचं सगळं मला दोऱ्यांतून ऐकू येतं. वासुदेवराव त्यांच्या स्वप्नात शेताच्या धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली बसले होते. दोन्ही हात धड, आवाज खणखणीत. पंचफुला समोर जाऊन उभी राहिली. ती प्रश्न विचारणार, एवढ्यात ते म्हणाले, "बस नं बाई घडीभर. लय दुरून आलेली दिसते तू."

मित्रांनो, चाळीस वर्षांत ती शेकडो स्वप्नांत गेली. कोणी तिला हाकललं, कोणी घाबरलं, कोणी गाऱ्हाणी सांगितली. बस असं कोणी म्हटलं नव्हतं. जागेपणीही नाही.

ती बसली.

तिचा श्वास माझ्या दोऱ्यांवर मंद होत गेला. फरशीवरचा उन्हाचा चौकोन पाट्यापासून माठापर्यंत सरकला. बापूराव घोरत होता. मी करकरून पाहिलं, जुन्या बाजेचं करकरणं कोण मनावर घेतं? माझी एकच फुशारकी होती, की मी कधी कोणाला पाडलं नाही. मधल्या तीन दोऱ्या केव्हाच गेल्या होत्या. सगळा भार मी चौथीवर धरून ठेवला होता. ती मी सोडली.

धप्प आवाज झाला. पंचफुला माझ्या पोटातून थेट फरशीवर. बापूराव दचकून उठला आणि हातात येईल तो पाय ओढू लागला. तो माझा होता. वर्षालीने धावत येऊन मावशीचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. पंचफुलाने डोळे उघडले, आणि मग ती लहान पोरीसारखी रडली.

"तुह्या बापानं मले बस म्हटलं वं," ती म्हणाली. "मी बसली. विचारायचंच राह्यलं."

मग तिने डोळे पुसले, बापूरावाला सतरंजी अंथरायला सांगितली. दुपार अजून उरली आहे, पुन्हा जाऊन येते म्हणाली. बाज नाही, दोरी नाही, तरी दुपट्टा उशाला घेऊ लागली.

वर्षालीने तो तिच्या हातातून काढून घेतला. "नाई मावशी," ती म्हणाली. "सहा महिने झाले, मी बाबाजवळ उभीच आहो. औषध देतो, चादर बदलतो, न निघतो. एक दिवस बसली नाई." मग तिने सतरंजी स्वतः अंथरली, पंचफुलाला त्यावर निजवलं, आणि ती झोपेपर्यंत तिचे तळवे चोळत राहिली. निघताना बापूरावाला म्हणाली, "मीच विचारतो त्याईले. वेळ लागला तं लागला."

शुक्रवारची पुण्याची गाडी त्यांनी रद्द केली, एवढं पुढे कानावर आलं. वासुदेवरावांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. तो प्रश्न माझ्यावर झोपून विचारलेला नव्हता.

आता कोणी काम घेऊन आलं की बापूराव दारातच अडवतो. बाई झोपली आहे म्हणतो. कोणाच्या स्वप्नात गेली, असं विचारलं तर सांगतो, "कोणाच्याच नाई. सोताच्या झोपेत हाये."

मित्रांनो, मला नवी दोरी भरली नाही तरी चालेल. पण तुमच्या घरी कोणी दिवसभर सगळ्यांसाठी उभं असेल, तर त्याला एकदा बस म्हणा. हे ऐकायला त्याला चाळीस वर्षं आणि परक्याचं स्वप्न लागू नये. आत्ताही दुपारच आहे, आणि पंचफुला आत निजली आहे. जाताना चपला हळू वाजवा.