कवचात राहिलेली ओळ

आवृत्ती १.०

बाबांना फोनवरचं ऐकू येईनासं झालं, तेव्हा ठकीने त्यांच्यासाठी स्वतःच अ‍ॅप करायला घेतलं. तयार अ‍ॅपांत बाबा हरवायचे. शंभर बटणं आणि गावभरच्या लोकांची सुप्रभातं. त्यांना पुरे होता एक पडदा. वर परगावच्या लेकीचा निरोप, ठळक अक्षरांत. खाली एकच बटण : 'बरा आहे'.

ठकी हाडाची वेबवाली. वेबसाइटी बांधण्यात उमेदीची वर्षं गेलेली, फोनची स्वतःची भाषा कधी शिकली नाही. पण आता वेबसाठी लिहिलेलंच एका कवचात भरून फोनवर चढवता येतं, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या टकल्याचं यावर ठरलेलं भाष्य होतं : "आपण म्हणजे फोनचे घरजावई. राहायला जागा मिळते, पण कपाटाची किल्ली दर वेळी मागून घ्यायची."

निरोपाची जागा नीट दिसते का, ते बघायला तिने तात्पुरतं काहीतरी टाकलं. बोटांना सुचलं ते.

'बाबा, उद्या येते.'

आवृत्ती १.१, १.२, १.३

मग खरे निरोप. कॅन्टीनमधून, जिन्यातून, डेंटिस्टच्या बाकड्यावरून. बाबा, गुडघा कसा आहे? बाबा, खिडकीतल्या रोपाला कळी आलीय. बाबा, साहेबांकडे रजेचं नाव काढलं की त्यांचा चेहरा काढा प्यायल्यासारखा होतो.

अधूनमधून अक्षरं वाढव, रंग बदल, नवी आवृत्ती पाठव. तिच्या लॅपटॉपवर सगळं झकास दिसायचं.

तिकडून रोज सकाळी : 'बरा आहे'.

तेवढ्यावर ती दिवस ढकलायची.

आवृत्ती १.४

बाबांजवळ राहणाऱ्या दादाचा फोन.

"ठके, एकदाचं काय ते सांग. येणारेस की नाही?"

"मी कुठे म्हटलं येते म्हणून?"

"रोज म्हणतेस की! सकाळी फोन बघतात आणि तुझी गादी उन्हात टाकतात. संध्याकाळी गुंडाळून आत. मी काही बोललो की माझ्यावरच खेकसतात."

"त्यांच्या फोनचा फोटो पाठव."

फोटो आला. कोपऱ्यात आकडा बरोबर, १.४. मधोमध : 'बाबा, उद्या येते.'

तिने लॅपटॉप उघडून शोधलं. नवं लिहून झालं की ते कवचात ओतायची एक आज्ञा द्यावी लागते. पहिल्यांदा कवच बांधताना ते आपोआप झालं होतं; त्यानंतर ती आज्ञा तिने एकदाही दिली नव्हती. दर वेळी कवचावर नवा आकडा, आत पहिल्या दिवसाचा ऐवज. एकही कळी बाबांपर्यंत पोचली नव्हती.

"नवशिके करतात गं हे," टकल्या हसत म्हणाला. मग फोटो पुन्हा बघितला आणि आपल्या खुर्चीकडे वळला.

आवृत्ती १.५

ओतलं. तपासलं, या वेळी खऱ्या फोनवर. पाठवलं.

थोड्या वेळाने पुन्हा दादा.

"बाबा विचारतायत, यात ओळ तीच आहे ना?"

"नाही. आता खरे निरोप दिसतील. मागचे सगळेसुद्धा."

दादाने ते बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"नको म्हणतात. नवी आवृत्ती घ्यायचं बटण दाबणारच नाहीत म्हणे."

"अरे, पण ती ओळ खोटी आहे! चाचणीपुरती टाकलेली."

"हे मी सांगू त्यांना? तू ये आणि सांग."

तेवढ्यात बाबांनीच फोन ओढून घेतला. उत्तर ऐकू येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे ते एका दमात, घर दणाणून बोलले :

"ठके! मी काय कुक्कुलं बाळ आहे? रोज उद्या म्हणणारं माणूस येत नाही, कळतं मला. पण गादीला ऊन लागतं. असू दे ते!"

फोन बंद.

आवृत्ती नाही

साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू."

"विचारत नाहीये, सांगतेय," ठकी म्हणाली. बोलताना तिचाच आवाज तिला परका वाटला.

सकाळी ती गाडीत बसली तेव्हा फोन थरथरला. 'बरा आहे'. निरोपाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. तिने काहीच लिहिलं नाही. लिहिलं तरी त्यांना दिसणार नव्हतं.

तिने दादाला फोन लावला.

"आज संध्याकाळी गादी गुंडाळू देऊ नकोस."